सर्व्हर तळमजल्यावर, फाईल पुण्यात

नागपूरच्या ऑफिसने वरचा मजला घेतला आणि महिन्याभरात तिथून तक्रारी यायला लागल्या. ड्रॉइंग उघडायला दोन-दोन मिनिटं. खालच्या मजल्यावर तीच फाईल चटकन उघडायची. मी पुण्यात बसून सिस्टिम सांभाळतो. केबल, स्विच, अँटिव्हायरस सगळं बघून झालं होतं.

मग एका सोमवारी तिथल्या ड्राफ्टिंगच्या मुलीचा फोन आला. "सर, शनिवारी मी जिन्याचं ड्रॉइंग पूर्ण करून गेले होते. आज उघडलं तर जुनंच आहे. सगळे म्हणताहेत, तू केलंच नाहीस." आवाज रडवेला झाला होता. रात्रीच्या गाडीने मी नागपूर गाठलं.

तिच्या मशीनवर शेअर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये डीएफएसचा टॅब उघडला. डीएफएस म्हणजे एकच फोल्डर अनेक सर्व्हरवर ठेवायची विंडोजची सोय. यादीत दोन सर्व्हर, नागपूर आणि पुणे. ॲक्टिव्ह, म्हणजे मशीन जिथून फाईल घेत होतं तो, होता पुणे. नागपूरचा सर्व्हर बरोबर तिच्या पायाखाली, तळमजल्यावर होता.

डीएफएसमध्ये सगळ्यांना पत्ता एकच दिसतो. मशीनने विचारलं की सर्व्हरची यादी मिळते, जवळचा सगळ्यात वर. पण जवळचा कोणता, हे ठरतं ॲक्टिव्ह डिरेक्टरीतल्या, म्हणजे कंपनीच्या मशीन आणि युजरच्या मध्यवर्ती यादीतल्या, नोंदीवरून: कोणतं सबनेट (नेटवर्क पत्त्यांचा गट) कोणत्या साइटचं, म्हणजे कोणत्या ठिकाणचं. वरच्या मजल्याला १०.२०.८.०/२४ दिलं होतं आणि ते नोंदवायचं राहून गेलं होतं. एरवी असं सबनेट नेटलॉगॉनच्या (लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हिसच्या) लॉगमध्ये 'नो क्लायंट साइट' म्हणून दिसतं. इथे लॉग कोरा, कारण कैक वर्षांपूर्वी कुणीतरी अख्खं १०.०.०.०/८, म्हणजे १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, पुणे साइटला जोडून ठेवलं होतं. ते कुणीतरी म्हणजे मीच. नेमकी नोंद नसली की मोठी नोंद लागू होते, त्यामुळे तो मजला कागदोपत्री पुण्यात होता.

शनिवारचं कोडंही मग सुटलं. लाइनवर भार नको म्हणून दोन सर्व्हरमधलं रेप्लिकेशन, म्हणजे प्रती एकसारख्या करणं, आम्ही रात्रीचं ठेवलं होतं. तिने संध्याकाळी फाईल सेव्ह केली ती पुण्याच्या प्रतीत. थोड्या वेळाने खालच्या एका सीनियरने नागपूरच्या प्रतीत एक टीप बदलली. एका सर्व्हरवरचं लॉक दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून कुणालाच अडवणूक झाली नाही. रात्री दोन्ही प्रती समोरासमोर आल्या आणि डीएफएसच्या नियमाने शेवटी सेव्ह झालेली टिकली.

हरलेली प्रत मात्र लगेच पुसली जात नाही. ती 'कॉन्फ्लिक्ट अँड डिलीटेड' या लपवलेल्या फोल्डरमध्ये जाते. तिथली जागा भरली की जुन्या फाइली उडतात. पुण्याच्या सर्व्हरवर रिमोटने शिरलो तेव्हा हात थंड पडले होते. फाइलींच्या नावांना लांबलचक शेपट्या लागलेल्या. सोबतच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे त्या फाइलींच्या यादीत, मूळ पाथ शोधला आणि ड्रॉइंग सापडलं. जिन्याच्या बावीसही पायऱ्या, मापांसकट.

आधी तिच्या साहेबांना बोलावलं आणि सेव्ह झाल्याची वेळ दाखवली: शनिवार, संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटं. ते तिच्या टेबलापाशी गेले, सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं चुकलं, बेटा."

सबनेट मी त्याच दुपारी नागपूर साइटला जोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मशीन सुरू केलं, टॅब उघडला आणि मला हाक मारली. ॲक्टिव्ह: नागपूर.