डावखुऱ्या जोडीदारासोबतचा सराव : पुढचा हात, पुढचा पाय

मागच्या नोंदीनंतरचा बॉक्सिंगचा बहुतेक सराव एकाच जोडीदारासोबत झाला. तो साउथपॉ आहे, म्हणजे त्याचा उजवा हात आणि उजवा पाय पुढे असतो, तर माझे डावे पुढे असतात. परिणामी आमचे पुढचे पाय सतत एकमेकांना अडतात आणि माझा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, चेहऱ्यापर्यंत पोहोचण्याआधीच त्याच्या पुढच्या ग्लोव्हवर अडकतो. पंचिंग बॅगवर कितीही घाम गाळला तरी ही अडचण कळत नाही.

म्हणून मोकळे स्पारिंग (सरावाची लढत) काही काळ बाजूला ठेवून आम्ही अटींचे राउंड सुरू केले : तीन मिनिटांचा राउंड, एक मिनिट विश्रांती आणि दोघांनीही फक्त पुढचा हात वापरायचा. क्रॉसची, म्हणजे मागच्या हाताच्या सरळ ठोशाची, सोय काढून घेतली की अंतर पायांनीच साधावे लागते. त्याच्या पुढच्या ग्लोव्हला वरून हलकी टपली द्यायची आणि त्याच क्षणी आपला डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर टाकायचा, हे आता बऱ्यापैकी जमू लागले आहे. असे केल्याने डोके त्याच्या डाव्या सरळ ठोशाच्या रेषेतून बाजूला जाते आणि माझ्या उजव्या हाताला त्याच्या गार्डच्या (बचावासाठी वर धरलेल्या हातांच्या) मधून वाट मिळते. अर्थात, त्या हाताची परवानगी मला त्यानंतरच्या टप्प्यात मिळाली. मात्र बाहेरचा पाय म्हणजे हमखास यश, हा समज फारच सरधोपट आहे. पाऊल लांब पडले की जोडीदार जागच्या जागी वळून उजवा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारतो, आणि तेव्हा डावा ग्लोव्ह गालाशी परतलेला नसेल तर ठोसा बसतोच.

पॅडवरच्या कामातही, म्हणजे एकाने हातांत धरलेल्या गाद्यांवर दुसऱ्याने ठोसे मारण्यातही, जोडीदाराचा वाटा मोठा आहे. पॅड खांद्यांबाहेर पसरून धरले की ठोसे मारणाऱ्याला चुकीच्या जागी मारण्याची सवय लागते. ते चेहऱ्याजवळ धरून ठोशाला किंचित सामोरे न्यावे लागतात. ठोशांची मालिका संपताच तो पॅडने माझ्या गालाला स्पर्श करून पाहतो, त्यामुळे हात खाली सोडण्याची चैन परवडत नाही. माझी पॅड धरण्याची पाळी आली की मला त्याचा खांदा समोरून दिसतो, आणि ग्लोव्ह निघण्याआधी खांदा हलतो हे तिथेच नीट लक्षात आले.

सोळा औंसांचे ग्लोव्ह्ज आणि माउथगार्ड असूनही डोक्यावरचे ठोसे आम्ही हलकेच ठेवतो. हेडगार्ड कापणे आणि खरचटणे कमी करतो; मेंदूला बसणारा हादरा त्याने टळेल असे धरून चालता येत नाही.

आता यापुढच्या टप्प्यात त्यालाही मागचा हात मोकळा मिळणार आहे. तो डावा सरळ ठोसा अंगावर येत असताना माझे पाऊल बाहेर पडते की जागीच थिजते, याची नोंद पुढच्या वेळी करीन.