बाराव्या होलवरचा पाऊण तास

गोल्फमध्ये पहिला हँडिकॅप, म्हणजे खेळाडूची पातळी दाखवणारा आकडा, मिळवायला ५४ होलची कार्डं (फटक्यांची नोंदपत्रकं) द्यावी लागतात. माझी पहिली दोन कार्डं सपाट कोर्सवर अडथळ्याविना झाली. तिसरं खेळलो समुद्राकाठच्या डोंगराळ कोर्सवर, आणि तिथल्या बाराव्या होलचा राग अजून गेलेला नाही.

आधीचे अकरा होल नीट गेले. बारावं पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत संपवायचं, कार्डावर १४० यार्ड. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, कड्याच्या टोकावर; ग्रीन, म्हणजे भोक आणि झेंडा असलेली हिरवळ, खाली समोरच्या कड्यावर; मधे नुसता समुद्र. देखणं इतकं की पहिली दोन मिनिटं मी क्लब हातात घेऊन बघतच राहिलो.

पुढचे चौघे मात्र तिथून हलेनात. त्यांचे तीन चेंडू ग्रीनमागच्या झुडपांत गेले होते. नियमाने चेंडू शोधायला तीन मिनिटं मिळतात. २०१९ पूर्वी पाच मिळायची. हे एकेका चेंडूमागे दहा-दहा मिनिटं काठ्या घालून झुडपं उपसत होते. कुणीही प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला हरवलाच तर म्हणून आधीच मारायचा जादा चेंडू, मारलेला नव्हता, त्यामुळे एक जण शेवटी चढ चढून परत टीवर आला. मी हात केला, हाका मारल्या, पुढे जाऊ द्या म्हणालो. कोर्सवर खेळाच्या वेगावर लक्ष ठेवणारा मार्शल म्हणाला, "थांबा, होईल." मागच्या वेगवान गटाला वाट द्यावी, फटका साधारण चाळीस सेकंदांत मारावा, हे नियमांतच सुचवलेलं आहे. एवढं जरी पाळलं असतं तरी सगळ्यांचा दिवस चांगला गेला असता.

पाऊण तास वाऱ्यात उभं राहून माझी बोटं आखडली. खारट तुषारांनी ग्रिप चिकट झाली होती. खालच्या झेंड्याचं कापड आमच्या दिशेने ताठ उभं होतं, म्हणजे वारा थेट तोंडावर. क्लबचा नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो; उतारामुळे एक क्लब कमी, वाऱ्यामुळे दोन जास्त, असा हिशेब करत मी नऊ नंबर ठेवला, आठ काढला, सात काढला, पुन्हा आठ. पाळी आली तेव्हा वैतागून सगळा जोर लावून मारला. समोरच्या वाऱ्यात जोराने मारलेल्या चेंडूला फिरक जास्त बसते, तो वर चढतो आणि हवेतच थांबल्यासारखा होऊन खाली पडतो. माझा तसाच पाण्यात गेला. दुसराही तसाच. दोन्हींना एकेक फटक्याचा दंड. तिसऱ्यांदा सात नंबर घेतला, ग्रिप इंचभर खाली धरली, चेंडू थोडा उजव्या पायाकडे ठेवला आणि निम्म्या जोराने मारला. तो खालून गेला आणि ग्रीनवर बसला. मग भोकात घालायला तीन हलके फटके (पट). कार्डावर आठ.

नंतर कळलं की पहिल्या हँडिकॅपसाठी कुठल्याही होलवर पारपेक्षा पाच जास्त एवढाच आकडा धरतात. म्हणजे अकरा झाले असते तरी हिशेबात आठच. हे आधी माहीत असतं तर पुढचे दोन होल मी चिडून खराब केले नसते.

बाकीच्यातलं आठवतं ते एवढं. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू पायांपेक्षा उंचावर असला की तो डावीकडे जातो, खाली असला की उजवीकडे. निशाणा तेवढा सरकवायचा. चढावर खांदे उताराशी समांतर ठेवले की चेंडू उंच उडतो पण कमी जातो, म्हणून क्लब एक जास्त. आणि हो, चेंडू भरपूर न्या, मी सहा नेले होते, दोन उरले.

सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच: मार्करची, म्हणजे आपले फटके नोंदवणाऱ्याची, सही. बाराव्यावरच्या खोळंब्यामुळे माझ्या मार्करना उशीर झाला होता. अठरावं संपताच ते निघाले. सहीशिवाय कार्ड धरत नाहीत. मी पार्किंगपर्यंत पळत गेलो, "अहो, सही राहिली!" म्हणून गाडी थांबवली आणि बॉनेटवर कार्ड ठेवून सही घेतली. कार्ड त्याच संध्याकाळी जमा झालं. दुसऱ्या दिवशी आकडा आला, २८.६. मला तो फार आवडला.

पुढच्या महिन्यात परत जातोय. सकाळची पहिली वेळ मागितली आहे, आणि बाराव्यावर सात नंबरच काढणार.