राजाचं शेवटचं वाक्य

"राजा मरताना जे बोलला ना, ते मी लेकीच्या भाषणात घालतेय," मैत्रीण आज म्हणाली. "तुझ्या परीक्षणात वाचलं. काय बोललाय गं!"

म्हटलं, अगं, ते राजाचं नाही, कादंबरीकाराचं आहे. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "पण इतकं खरं वाटतं!"

दिवसभर हेच डोक्यात घोळतंय. खरं वाटावं म्हणूनच तर ऐतिहासिक कादंबरी लिहायची. मृत्युशय्येजवळचं बोलणं बहुतेक वेळा कुणी टिपून ठेवलेलं नसतं. तिथे लेखकाने कल्पना लढवायलाच हवी, आणि मला ती मनापासून आवडते.

पण रचलेलं चिकटून बसतं. इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्डचा वाळलेला हात शेक्सपिअरच्या नाटकाने लोकांच्या मनात पक्का केला. २०१२ मध्ये लेस्टरला एका पार्किंगखाली त्याचा सांगाडा सापडला. कणा खरंच वाकडा होता, हाताची हाडं मात्र धडधाकट! ४०० वर्षं रंगमंचावर तो हात वाळलेलाच राहिला.

म्हणून परीक्षण लिहायला घेतलं की मी आधी पुस्तकाच्या शेवटच्या पानांवरची लेखकाची टीप उघडते. नोंदींमधून काय घेतलं, काय रचलं, कुणाचं वय बदललं, कुठली दोन माणसं एकत्र करून एक केलं, हे लेखकाने मोकळेपणाने सांगितलं असेल तर त्याच्याबद्दलचा आदर दुप्पट होतो. सांगितलं नसेल तर भाषा कितीही देखणी असो, परीक्षणात मी ते स्पष्ट लिहिते.

तुम्ही ती टीप कधी वाचता? कादंबरीच्या आधी की नंतर?