वाईलातपूच्या बाईचं स्वयंपाकघर

लेकीकडे अमेरिकेत गेलं की माझी कामं ठरलेली असतात. नातवाला सांभाळायचं, पोळ्या लाटायच्या आणि शनिवार-रविवार गाडीत मागच्या सीटवर बसून ते नेतील तिकडे जायचं. एका जूनमध्ये जावयांनी वाला वाला नावाचं गाव काढलं. सिएटलहून गाडीने चार-साडेचार तास. नावाचा अर्थ म्हणे पुष्कळ पाणी, आणि गाव प्रसिद्ध कशासाठी, तर गोड कांद्यासाठी. कांदा पाहायला कोणी एवढ्या लांब जातं का बापा, असं मी म्हटलंही. पण खाल्ला कच्चाच, सफरचंदासारखा, आणि डोळ्यांत टिपूस आलं नाही. ऊन मात्र अगदी आपल्याकडचं, कोरडं. नागपूरच्या माणसाला तिथे परकं वाटायचं कारण नाही.

गावापासून दहा-अकरा किलोमीटरवर एक मोकळं मैदान आहे. उंच गवत, एक तळं, मागे टेकडी आणि तिच्यावर दगडी स्तंभ. जागेचं नाव वाईलातपू, म्हणजे राय-गवताची जागा. तिथल्या केयूस लोकांनी ठेवलेलं नाव. घर आता उभं नाही. भिंती कुठे होत्या त्याच्या खुणा तेवढ्या जमिनीवर आखून ठेवल्यात. लेक पाटी वाचून सांगत होती, ही बैठकीची खोली, हे स्वयंपाकघर. मी त्या आखलेल्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मला एकदम घाम फुटला. उन्हाचा नव्हता तो.

त्या घरातली बाई नार्सिसा व्हिटमन. जन्म १८०८ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या प्रॅट्सबर्गचा. धर्मप्रचाराला जायचं हे तिने लहानपणीच मनात घेतलं होतं, पण बिनलग्नाच्या बाईला इतक्या लांब पाठवायला मिशनचं मंडळ राजी नव्हतं. मार्कस व्हिटमन या डॉक्टरला जायचं होतं आणि त्याला बायको हवी होती. १८ फेब्रुवारी १८३६ ला लग्न झालं. नवरीच्या अंगावर काळा पोशाख. लगेच प्रवास सुरू. बरोबर स्पाल्डिंग नावाचं दुसरं मिशनरी जोडपं, आणि पुढची वाट फर विकणाऱ्या कंपनीच्या तांड्यासोबत. ४ जुलैला त्यांनी रॉकी पर्वताची साउथ पास ही खिंड ओलांडली. नार्सिसा आणि एलायझा स्पाल्डिंग, तो डोंगर जमिनीवरून पार करणाऱ्या या पहिल्या गोऱ्या बायका. त्या वेळी नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते स्टीफन हिस्लॉप आपल्याकडे पोचले १८४५ ला, म्हणजे नार्सिसाला तिथे जाऊन नऊ वर्षं झाल्यावर.

तिची पत्रं छापलेली आहेत. माझं इंग्रजी औषधाच्या चिठ्ठीपुरतं, म्हणून रात्री नातू झोपला की लेक वाचायची आणि मराठीत सांगायची. पत्रांतली सुरुवातीची नार्सिसा मला फार आवडली. लाकूड मिळेनासं झाल्यावर रानरेड्यांच्या वाळलेल्या शेणावर स्वयंपाक होतो, असं ती घरी कळवते आणि वर लिहिते, हे वाचून आमची हॅरिएट नाक मुरडेल. हॅरिएट धाकटी बहीण. मला हसू आलं. गोवऱ्यांत नाक मुरडण्यासारखं काय आहे? पण ती हे सगळं मजेत लिहिते. घोड्यावर बसते, मांस खाते, आईच्या हातच्या पावाची आठवण काढते, आणि पुढे तर पोटुशी असतानाच चालते आहे. मूल झालं ते मार्च १८३७ मध्ये, नेमकं तिच्याच वाढदिवशी. ॲलिस क्लॅरिसा. केयूसांचा एक म्होरक्या टिलोकाइक्ट मुलीला बघायला आला आणि म्हणाला, ही केयूस मुलगी, कारण ती आमच्या जमिनीवर जन्मली. घरच्यांची पहिली पत्रं हातात पडेपर्यंत ही नात सव्वा वर्षाची झाली होती. दोन वर्षांहून जास्त काळ नार्सिसा नुसतीच लिहीत होती, पलीकडून काही नाही. मी लेकीला व्हिडिओ कॉल एक दिवस लागला नाही तर जेवत नाही.

मग १८४० मधलं एक पत्र आलं आणि लेक वाचता वाचता थांबली. म्हणाली, आई, हे तुला आवडणार नाही.

त्यात नार्सिसा आईला सांगते की बाईच्या जिवाला सगळ्यांत मोठा ताप म्हणजे आपल्या स्वयंपाकघरात सदा चार-पाच इंडियन, म्हणजे तिथले केयूस, पुरुष बसलेले असणं, त्यातून जेवायच्या वेळी. ते फार घाणेरडे आहेत, जातील तिथे साफ करावं लागतं, बाई झिजून जाते. आपण त्यांना वर आणायला आलोय, त्यांच्या पातळीला उतरायला नाही. नव्या घरात त्यांच्यासाठी वेगळी खोली केली, बाकीच्या घरात त्यांनी यायचं नाही.

लेकीला राग आला. म्हणाली, किती दुष्ट बाई आहे. मी काहीच बोलले नाही. मला माझा जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, पेला दिसत होता.

मी आरोग्यसेविका होते. १९८७ ला नागपूरहून गडचिरोलीत नेमणूक मिळाली. जिल्हा होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. उपकेंद्र आत जंगलात, पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की चार-चार दिवस बाहेरचं जग बंद. आमटे मंडळी हेमलकशाला १९७३ पासून होती, त्यांची गोष्ट आम्हाला ट्रेनिंगमध्येच सांगितलेली. त्यामुळे मी गेले तीही मोठ्या उमेदीने. सेवा करायची. तिथल्या माडिया आदिवासी बायका पहाटेपासून माझ्या दाराशी येऊन बसायच्या. काम असेल तरी, नसेल तरी. कुकरची शिट्टी झाली की खळखळून हसायच्या. हळूहळू दारातून आत सरकल्या, स्टोव्हपाशी बसू लागल्या, पीठ हाताळून बघू लागल्या. मला भाषा येत नव्हती. दिवसभर कोणाचे तरी डोळे माझ्या हातांवर. महिनाभरात मी वैतागले. त्यांना पाणी द्यायला मी एक जर्मनचा पेला वेगळा काढला, तो खिडकीत पालथा ठेवायची. माझे आणि इतरांचे पेले स्टीलचे. स्वतःशी म्हणायची, हे स्वच्छतेचं आहे, खरजेची साथ आहे. पण गुरुजींची बायको यायची तिला मी स्टीलच्या पेल्यातच पाणी द्यायची, आणि खरूज तर तिच्याही पोराला होती.

असो. ॲलिसकडे येते.

२३ जून १८३९, रविवार होता. सगळे घरात वाचत बसलेले. सव्वादोन वर्षांची पोर दोन पेले घेऊन पाणी आणायला नदीवर गेली. कोणाच्या लक्षात आलं तेव्हा पेले पाण्यात होते. एका म्हाताऱ्या केयूसाने बुडी मारून तिला बाहेर काढलं. आईने तिला चार दिवस घरात ठेवलं, पुरलं नाही. हे पत्र लेकीला वाचून पुरं करता आलं नाही, आणि मीही पुढे वाच म्हटलं नाही. तिथलं तळं मी पाहिलंय. पाणी इतकं संथ की बदकांच्याच रेषा उमटतात.

त्यानंतरची नार्सिसा वेगळी आहे. बरेचदा आजारी, डोळे अधू होत चाललेले. १८४२ च्या शेवटी मार्कस मंडळाशी बोलायला पूर्वेला गेला. मंडळाने ते मिशन बंद करायचं ठरवलं होतं, कारण धर्मांतर म्हणावं तर जवळजवळ शून्य. परतताना, १८४३ ला, तो हजारभर गोऱ्यांच्या तांड्याला वाट दाखवत आला. तिथून दर वर्षी गाड्याच गाड्या. वाईलातपू म्हणजे धर्मशाळा झाली. वाटेत आईबाप मेलेली सेगर कुटुंबाची सात मुलं १८४४ मध्ये तिच्या पदरात पडली, ती तिने सांभाळली. या पोरांच्या गर्दीत ती पुन्हा थोडी हसते, पत्रांत तरी. केयूस मात्र पत्रांतून कमी कमी होत जातात. आपली जमीन चाललीय हे त्यांना दिसत होतं.

१८४७ च्या शरद ऋतूत त्याच गाड्यांबरोबर गोवर आला.

इथे मी लेकीला थांबवून नोकरीतलं सांगितलं. गोवर म्हणजे पुरळ, आठवड्यात बरा, असं लोक समजतात. ज्या वस्तीत तो पूर्वी कधी आलाच नाही तिथे लहानथोर सगळे एकदम आडवे होतात. पाणी पाजायलाही उभं कोणी राहत नाही. अंगात ताकद नसेल तर न्यूमोनिया होतो, जुलाब लागतात. केयूस तापात गरम वाफ घेऊन थंडगार नदीत उडी मारायचे, त्याने अजून बिघडलं. डॉक्टर दोन्हीकडे तेच औषध देत होता. गोऱ्यांची बहुतेक पोरं उठून बसली. केयूसांची जवळपास निम्मी माणसं दोन महिन्यांत गेली.

आता त्यांच्या जागी बसून बघा. पूर्वी याच डॉक्टरच्या मिशनवर लांडग्यांसाठी मांसात विष घातलेलं लोकांनी पाहिलेलं. कलिंगडं चोरीला जातात म्हणून एकाने कलिंगडांत उलटीचं औषध भरलं होतं, तेही लोकांनी खाऊन पाहिलेलं. आणि रोगी दगावला तर वैदूचा जीव घ्यावा हा त्यांचा जुना रिवाज. नवरा-बायकोला तो पहिल्या वर्षापासून माहीत होता.

माझ्या गावात गोवरची लस दिली तो बुधवार होता. व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला लावून मी सहा किलोमीटर चालत गेले होते. शुक्रवारी त्यातलं एक बाळ तापाने फणफणलं आणि शनिवारी गेलं. मेंदूचा मलेरिया. आदल्या दिवशी घेतलेल्या रक्ताच्या काचेचा रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला, तोपर्यंत गावाने ठरवून टाकलं होतं की सुईने गेलं. कोणी अंगावर आलं नाही. शिवी दिली नाही. फक्त यायचे बंद झाले. माझं स्वयंपाकघर पहिल्यांदाच दिवसभर स्वच्छ राहिलं. कुकरची शिट्टी व्हायची आणि हसायला कोणी नाही. रात्री मी दाराला आडणा लावून वर पेटी सरकवून ठेवायची.

दीड महिन्याने एक म्हातारी आली, पायाला जखम घेऊन. पट्टी बांधली. तिने खुणेने पाणी मागितलं. मी त्या दिवशी मुद्दाम स्टीलचा पेला भरून पुढे केला. तिने पेल्याकडे बघितलं, मग खिडकीतल्या जर्मनच्या पेल्याकडे बघितलं, आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे धरली. वरून ओत म्हणाली. मी ओतलं.

त्यांना भाषा येत नव्हती माझी. पेला मात्र सगळ्या गावाने पहिल्या दिवशीच वाचला होता.

२९ नोव्हेंबर १८४७ ला काही केयूस औषध मागायला मार्कसच्या दाराशी आले आणि त्याच्यावर वार झाला तो त्या स्वयंपाकघरातच. नार्सिसाला खिडकीतून गोळी लागली, नंतर बाहेर नेऊन मारलं. एकंदर तेरा जण गेले, त्यांत बाई ती एकटीच. पन्नासेक जणांना महिनाभर धरून ठेवलं. पुढे लढाई झाली, १८४८ ला ऑरेगन हा अमेरिकेचा रीतसर प्रदेश झाला, आणि ३ जून १८५० ला ऑरेगन सिटीत पाच केयूसांना फाशी दिलं. त्यांत टिलोकाइक्ट होता. ॲलिसला केयूस मुलगी म्हणणारा.

लेक म्हणते, तू त्या बाईला फार माफ करतेस. तसं नाही. मिशनरी म्हटलं की आपल्याकडे एक तर आरती नाही तर शिव्या. माझा जन्म सीताबर्डीच्या म्यूर मेमोरियलचा, मिशनचंच हॉस्पिटल ते, तेव्हा शिव्या मला जमत नाहीत. आरतीही जमत नाही. ती बाई अकरा वर्षं तिथे राहिली, पोर तिथेच पुरली, परक्यांची सात पोरं वाढवली आणि शेजाऱ्याला स्वयंपाकघराबाहेर काढलं. हे सगळं एकाच बाईने केलं.

नागपूरला परत आले ऑक्टोबरात. झोपेचं गणित बिघडलेलं, पहाटे तीनला जाग. सकाळी कामवाली आली. तिने ओट्यामागच्या कोनाड्यातला, कान तुटलेला कप स्वतःच काढून विसळला आणि चहासाठी पुढे ठेवला. चौदा वर्षं तो कप तिथे आहे. कोणी ठेवला मला आठवतही नाही. मीच ठेवला असणार, दुसरं कोण ठेवेल?

मी कपाटातला फुलांचा कप काढला. म्हटलं, आजपासून यात घे.

ती म्हणाली, "काहून जी? राहू द्या ताई. मले याचीच सवय आहे."

आणि तिने तोच कप पुढे धरला.