लाखांचे स्वल्पविराम आणि सात आठवड्यांची एनओसी

आधी सांगतो ते पक्कं लक्षात ठेवा : नोकरीत असाल आणि स्वतःची लायब्ररी (इतरांनाही वापरता येईल असा तयार कोड) मेवन सेंट्रलवर, म्हणजे जावा लायब्ररींच्या सार्वजनिक कोठारावर, टाकायची असेल, तर पहिलं काम कंपनीकडून लेखी परवानगी, म्हणजे एनओसी. माझे सात आठवडे त्यातच गेले आणि तो राग अजून उतरलेला नाही.

लायब्ररी अगदी छोटी. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत आकडे छापणाऱ्या डेसिमलफॉरमॅटला कितीही स्वल्पविरामांचा नमुना द्या, तो शेवटचाच गट धरतो, म्हणून १२,३४,५६७ ऐवजी १,२३४,५६७ छापतो. आयसीयूफोरजे ही तयार लायब्ररी हे बरोबर करते, पण ती दहा एमबीहून जड. इथे इंदूरला एका मराठी पतसंस्थेच्या पावत्यांचं काम मी रविवारी करून देतो. तिथे लाख-कोटींचे स्वल्पविराम आणि अक्षरी रक्कम, एवढंच हवं होतं. मराठीत नव्याण्णवपर्यंत प्रत्येक आकड्याचा शब्द वेगळा, त्यामुळे नियम लावून भागत नाही, पूर्ण यादीच लागते. इथे बाजारात सगळे हिंदीत ‘उन्यासी, नवासी’ म्हणतात, म्हणून एकोणऐंशी-एकोणनव्वद मी आईकडून वहीत लिहून घेतले.

आता एनओसी. करारात कलम होतं : नोकरीच्या काळात लिहिलेलं सर्व सॉफ्टवेअर कंपनीचं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ सुद्धा सांगतं की वेगळा करार नसेल, तर नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा. माझं काम घरचं, लॅपटॉप माझा, वेळ रविवारची. पण करारातले शब्द त्याहून ऐसपैस, म्हणून विचारायला गेलो.

एचआरकडे दोनच फॉर्म : दुसरी नोकरी आणि फ्रीलान्स काम. फ्रीलान्सच्या फॉर्मात ‘मिळणारं मानधन’ हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडेना, आणि शून्य तो घेईना. मॅडमना जाऊन सांगितलं की यात पैसे नाहीत. त्या म्हणाल्या, “पैसे नहीं मिलेंगे तो फिर कर क्यों रहे हो?” वीस मिनिटं मी ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवणं, समजावलं. मग प्रकरण दुसऱ्या शहरातल्या लीगलकडे गेलं. त्यांचा प्रश्न : तुमचा ग्राहक कोण? मी लिहिलं, कोणी नाही. दहा दिवसांनी पुढचा प्रश्न : उद्या लायब्ररीत चूक निघून कोणी दावा केला तर? लायब्ररी ज्या अटींवर खुली करणार होतो त्या अपाचे २.० परवान्यात हमी नसल्याचं स्पष्ट कलम आहे, ते उतरवून पाठवलं. त्यानंतर दर सोमवारी एकच उत्तर, ‘अंडर प्रोसेस’. पतसंस्थेच्या पावत्या तोवर हातानेच लिहिल्या जात होत्या. कोड तयार होता आणि मी एका सहीसाठी बसून होतो!

शेवटी आमच्या मॅनेजर साहेबांनी सुचवलं, पत्र तूच लिहून दे. मी एका पानात लिहिलं : लायब्ररीचं नाव, काय करते, कोणत्या लॅपटॉपवर लिहिली, कोणता परवाना, कंपनीचा कोड नाही, खाली सहीची जागा. दोन दिवसांत सही झाली. ते पान पहिल्याच दिवशी घेऊन गेलो असतो तर!

सही न घेताच सेंट्रलवर चढवून दे, असं मित्र सांगत होते. ते चालत नाही. सेंट्रलवर प्रसिद्ध केलेली आवृत्ती परत काढता येत नाही, बदलताही येत नाही. नंतर वाद झाला तर हातात काहीच उरत नाही.

बाकीचं एका रविवारी झालं. डोमेन विकत घेण्याची गरज नाही, गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या खात्याने लॉगिन केलं की त्या नावाची नेमस्पेस, म्हणजे लायब्ररीच्या नावाआधी लागणारी आपली ओळख, मिळते. पॉममध्ये, म्हणजे लायब्ररीच्या माहितीच्या फाइलमध्ये, नाव, वर्णन, यूआरएल, परवाना, डेव्हलपर आणि कोडचा पत्ता, यातलं काहीही राहिलं तर अपलोड नापास होतं. सोर्स आणि जावाडॉक (कोडमधल्या टिपांवरून बनणारी माहितीपानं) यांच्या वेगळ्या जार, म्हणजे जावाच्या बांधीव फाइली, लागतात, प्रत्येक फाइलवर जीपीजीची डिजिटल सही लागते, आणि ती सही पडताळायची सार्वजनिक किल्ली आधी उबंटूच्या की-सर्व्हरवर चढवायची. हो, एक राहिलं : जावाडॉकच्या मजकुरात ‘पेक्षा कमी’चं चिन्ह मोकळं ठेवू नका, जावा ८ पासून त्यावर बिल्ड, म्हणजे कोडपासून जार बनवणं, अडतं.

पुढच्या शनिवारी पतसंस्थेत पहिली पावती छापली : ‘रुपये एक लाख एकोणऐंशी हजार फक्त’. कॅशियर काकांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली आणि शिक्का मारला.