तवंदी घाटातली टकटक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी गॅरेजचं शटर साडेआठला वर करतो. त्या शनिवारी एक गिऱ्हाईक काका आठपासूनच गाडी लावून बाहेर उभे होते. औषध कंपनीची फिरती, आठवड्यातून दोनदा कोल्हापूर–बेळगाव. 2017 ची 1.2 लिटर पेट्रोल गाडी. बॉनेट उघडलं तर बॅटरीशेजारी स्टीलच्या पट्ट्यांची चौकोनी थप्पी, पाण्याची बाटली आणि तिथून एअर फिल्टरच्या नळीत गेलेला पारदर्शक पाइप. हायड्रोजन किट: पाण्यात वीज सोडून हायड्रोजन तयार करायचा आणि तो इंजिनला द्यायचा.

"बत्तीस हजार घातलेत," काका म्हणाले. "ॲव्हरेज एकोणीसवरनं सतरावर आलं म्हणून बसवलं. दोन महिने झाले, काय फरक नाही. आता बसवणारा म्हणतोय, ट्युनिंगचा बॉक्स लावल्याशिवाय किट कामच करत नाही. तीन प्रकार आहेत म्हणे. कुठला घ्यायचा तेवढं तुम्ही सांगा."

एक बॉक्स त्यानं 'लावून बघा' म्हणून दिलाही होता. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी काळी डबी, चार वायरी आणि कडेला पितळी स्क्रू.

स्कॅनर जोडायला मी चावी 'ऑन'वर फिरवली. इंजिन बंदच होतं. बॉनेटखालून बुडबुड ऐकू आली आणि मी चावी लगेच मागे घेतली. किटचा रिले, म्हणजे त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच, थेट इग्निशनवर घेतला होता. म्हणजे इंजिन फिरत नसतानाही गॅस तयार होऊन फिल्टरच्या डब्यात साठत राहणार. हायड्रोजन हवेत 4 टक्के असला तरी पेट घेतो, आणि इथे तर त्याच्या जोडीला ऑक्सिजनही त्याच नळीतून येतो. नुसती चावी फिरवून रेडिओ ऐकत बसायची सवय कितीजणांना असते! मी फिल्टरचा डबा उघडून हवा जाऊ दिली आणि सगळ्यात आधी तो रिले गाडीच्या टाकीतल्या पेट्रोल पंपाच्या रिलेवर घेतला, म्हणजे इंजिन थांबलं की गॅसही थांबेल. बसवणाऱ्यानं हे केलं नव्हतं याचा मला आजही राग आहे.

मग तीन बॉक्सचं बोलणं झालं. पहिला, म्हणजे काकांना दिलेली डबी, धूर तपासणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या वायरीत बसतो. हा सेन्सर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये खालीवर होत असतो आणि 0.45 च्या आसपास ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळतं की हवा-पेट्रोल बरोबर आहे. डबी त्या सिग्नलमध्ये थोडे व्होल्ट वाढवते. ईसीएमला वाटतं पेट्रोल जास्त झालं, ते इंजेक्टर आवरतं घेतं. दुसरा इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरला फसवतो, म्हणजे इंजिनवर लोड कमी आहे असं दाखवतो. तो मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण लोड कमी दिसला की ईसीएम स्पार्कही अलीकडे आणतं. तिसरा म्हणजे इंजेक्टरच्या वायरी तोडून मध्ये बसवायचा आख्खा कॉम्प्युटर. तो नीट सेट करायला डायनो, म्हणजे गाडी रोलरवर चालवून ताकद मोजायचं मशिन, लागतो, आणि तिथेही प्रश्न तोच: सेट करायचा तो कशासाठी?

काकांनी मध्येच विचारलं, "पण गडकरीसाहेब हायड्रोजनच्या गाडीतनंच संसदेत गेले होते ना?" गेले होते, मार्च 2022 मध्ये. पण त्या टोयोटा मिराईत हायड्रोजन बाहेरून 700 बार दाबानं टाकीत भरलेला असतो. इथे तो गाडी चालता चालता तयार करायचा, आणि त्याची वीज येते इंजिन फिरवतं त्या अल्टरनेटरमधून, म्हणजे पेट्रोलमधूनच.

मी क्लॅम्प मीटर लावला. किट 20 ॲम्पिअर खात होतं. जॉबकार्डाच्या पाठीमागे त्यांच्यासमोरच हिशेब मांडला. 13.8 व्होल्टला 20 ॲम्पिअर म्हणजे सुमारे 275 वॉट. अल्टरनेटर आणि इंजिन दोन्हीकडचं नुकसान धरलं तर एवढ्या विजेसाठी दीड ते दोन किलोवॉटचं पेट्रोल जळतं. किटच्या पट्ट्यांमधल्या सहा सेलमधून मिनिटाला जेमतेम सव्वा लिटर गॅस निघतो, आणि त्यातला हायड्रोजन जळून मिळतात 150 वॉट. ताशी 70 नं चालताना गाडी जे पेट्रोल जाळते ते 35 किलोवॉटच्या आसपास. किटचा वाटा त्याच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. काकांनी कागद हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "कागदावर कळलं. रस्त्यावर दाखवा."

मलाही तेच हवं होतं. एकाच पंपावर, एकाच नोझलनं, पहिल्या कटऑफपर्यंत टाकी भरायची. निपाणीपुढचा तवंदी घाट चढून वळायचं आणि परत यायचं, नव्वदच्या थोडं वर किलोमीटर होतात. ऑक्सिजन सेन्सरच्या जोडीला मी हवा-पेट्रोलचं खरं प्रमाण दाखवणारं माझं वाइडबँड मीटर सायलेन्सरच्या नळीत बसवलं. पहिली फेरी किट बंद ठेवून: 17.4. दुसरी किट चालू: 17.0. एवढ्या फरकावरून मी किटला दोष देणार नाही, तेवढा फरक पंपावर भरतानाही पडतो. पण फायदा झाला नाही हे काकांनी स्वतः नोंदवहीत लिहिलं.

तिसऱ्या फेरीला निघायला तीन वाजले. आता डबी जोडली होती. कागलच्या पुढे स्क्रू पाव-पाव आटा फिरवत गेलो. मीटरवरचा लॅम्डा (1 म्हणजे हवा-पेट्रोल बरोबर, त्याच्या वर म्हणजे पेट्रोल कमी) 1.00 वरून हळूहळू 1.1 वर गेला. लाँग टर्म ट्रिम, म्हणजे ईसीएम शिकून ठेवतं ती पेट्रोलची टक्क्यांतली कमी-जास्त, अधिक 2 होता, तो उणे 8 वर आला. स्क्रीनवर ॲव्हरेज खरोखर वर सरकलं आणि काका खूश झाले. तेव्हा मी किटचा फ्यूज काढून त्यांच्या हातात दिला. निपाणीपर्यंत गाडी तशीच नेली. ट्रिम तोच, लॅम्डा तोच, ॲव्हरेजही तेच. जी काही बचत होती ती पेट्रोल छाटल्याची होती, त्यात हायड्रोजनचा काही हात नव्हता. काका फ्यूज बोटांत फिरवत गप्प बसून राहिले.

तवंदीच्या चढाला तिसरा गिअर टाकला आणि पेडल पूर्ण दाबलं. दोन वळणं झाली आणि इंजिनमधून टकटक सुरू झाली, बाटलीत खडे हलवल्यासारखी. अशा चढाला ईसीएम मुद्दाम जास्त पेट्रोल देतं, लॅम्डा 0.9 च्या आसपास हवा, त्यानं ज्वलन थंड राहतं. पण सेन्सरचं खोटं ऐकून त्यानं शिकलेला तो उणे ट्रिम इथेही लागू झाला होता. मीटरवर 1.0 दिसत होतं आणि स्कॅनरवर स्पार्कचं टायमिंग धडाधड मागे येत होतं. पिस्टनला भोक पडतं ते अशाच चढावर. यानं वाढणारे नायट्रोजन ऑक्साइड पीयूसीच्या मशिनला दिसणार नाहीत, कारण पेट्रोल गाडीचे ते तिथे मोजतच नाहीत. सपाट रस्त्यावर मिश्रण 1.1 इतकं पातळ झालं की धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नेमके तेच आवरू शकत नाही.

गाडी कडेला घेतली. स्क्रू मागे घ्यायला उतरलो तर मागच्या डाव्या चाकाशी जळका वास आला. हात जवळ नेला, ड्रम तापलेला. दुसऱ्या बाजूला येऊन बघितलं तर उजवा साधारण कोमट. चढाला कुणी ब्रेक लावत नाही. मी काकांना बोलावून दोन्हीकडे हात धरायला लावला.

"हे कधीपासून?" ते म्हणाले.

डबी तिथेच सोडवली, ट्रिम रीसेट केला आणि हळूहळू परत आलो. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडी उघडली तर आतल्या ॲल्युमिनियमवर पांढरी खपली धरलेली होती. बाटलीतल्या पाण्यात मिसळलेलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड वाफेबरोबर तिथवर पोचत होतं. ती साफ केली आणि किट काढून खोक्यात भरलं. मग मागचं डावं चाक जॅकवर घेतलं. हातानं जोरात फिरवलं, अर्ध्या फेऱ्यात थांबलं. हँडब्रेकची केबल आत गंजून अडकली होती, हँडब्रेक सोडला तरी ब्रेकचा लायनर ड्रमला घासतच होता.

केबल सोमवारी मिळाली, लायनर बदलले. काकांनी चाक स्वतःच्या हातानं फिरवून बघितलं आणि ते थांबेपर्यंत तिथेच उभे राहिले. मग नोंदवहीत किलोमीटर लिहून बेळगावला गेले.