एसओपी अद्ययावत करताना मी कामाचा क्रम कसा लावते

एसओपीचं (म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी कार्यपद्धतीचं) मॅन्युअल अद्ययावत करायचं म्हटलं की बहुतेक जण थेट मजकूर उघडून बसतात. मी आधी मास्टर लिस्ट, म्हणजे सगळ्या दस्तऐवजांची यादी काढते. दस्तऐवज क्रमांक, आवृत्ती, अमलाची तारीख, जबाबदार पद, पुढच्या तपासणीची तारीख आणि छापील प्रती कुठे कुठे आहेत, एवढे रकाने पुरतात. शेवटचा रकाना बहुधा रिकामा असतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. सर्व्हरवर आवृत्ती ५, मशीनजवळच्या फाइलीत आवृत्ती ३. काम करणारा हाताशी असेल तीच वाचणार. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कलम ७.५.३ मध्ये माहिती लागेल तिथे, लागेल तेव्हा उपलब्ध असावी असं म्हटलंय, ते याचसाठी.

मग एसओपी हातात घेऊन मी प्रत्यक्ष काम बघते. ‘कसं करता?’ असं विचारलं की कागदावरचंच उत्तर मिळतं, म्हणून ‘करून दाखवा’ म्हणायचं. फरक दिसला की लगेच मजकूर बदलायचा नाही. कागद चुकलाय की सवय, हे विभागप्रमुखाबरोबर बसून आधी ठरवायचं. जुन्या प्रतींच्या समासातली पेन्सिलची टिपणं तर जरूर उतरवून घ्यावीत. पायरी ६ शेजारी कुणी ‘आधी गाळणी बघा’ लिहिलं असेल, तर तिथे एक पायरी राहून गेलीय.

लिहिताना धोरण आणि कार्यपद्धती वेगळी ठेवते. एकत्र असली तर साधा फोन नंबर बदलायलाही व्यवस्थापनाची सही लागते. नंबर परिशिष्टात, मजकुरात व्यक्तीच्या नावाऐवजी पदनाम. दुसऱ्या दस्तऐवजाचा संदर्भ फक्त क्रमांकाने द्यायचा. आवृत्ती किंवा पान लिहिलं, तर एक बदलला की दहा बदलावे लागतात. फॉर्मना स्वतंत्र क्रमांक हवेत.

सहीची तारीख आणि अमलाची तारीख एकच ठेवू नये. मध्ये प्रशिक्षणाला निदान दोन आठवडे हवेत, नाहीतर लोक न वाचताच सह्या करतात. नवी प्रत देताना जुनी परत घ्यायचीच, आणि नोंदवहीत दोन्हींची नोंद करायची. परत आलेल्या जुन्या प्रतींतली एक ‘रद्द’ शिक्का मारून जपून ठेवते. पुढे एखाद्या अपघाताची चौकशी निघाली, तर त्या दिवशी कोणती पद्धत लागू होती हे त्याच प्रतीवरून कळतं.

वार्षिक तपासणीत काहीच बदललं नसेल, तर आवृत्ती वाढवत नाही. ‘तपासलं, बदल नाही’ एवढी नोंद तारखेसह मास्टर लिस्टमध्ये करते.